विहिरीतला टप्पा

संपादकांनी यंदाही कथाच मागितली होती. "दिवाळी अंक आहे, घरातली सगळी माणसे वाचतात, तेव्हा काहीतरी जिव्हाळ्याचे द्या," असे त्यांनी लिहिले होते. जिव्हाळ्याचे म्हणून मी जे पाठवीत आहे ते एका धातूविषयी आहे. त्यांनी ते छापले तर त्यांचे धाडस मानायला हवे, आणि वाचकांनी चकलीचा तुकडा मोडता मोडता ते शेवटपर्यंत वाचले तर वाचकांचेही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मी मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विज्ञानाच्या वाटेला जाण्याचा मला कागदोपत्री काहीच अधिकार नाही. पण कादंबरीकाराला एक खोड असते. एका घरात भांडखोर ठरलेला माणूस दुसऱ्या घरात गेला की गुणी कसा ठरतो, हे कोडे त्याला जन्मभर पुरते. हेच कोडे धातूंच्या बाबतीतही आहे असे कळल्यापासून मला चैन नाही.

या विषयाशी माझी गाठ पडली ती आईच्या पाठदुखीमुळे. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिचा डावा पाय बधिर होऊ लागला आणि डॉक्टरांनी एम.आर.आय. काढायला सांगितले. जिल्ह्यातल्याच एका रुग्णालयात आम्ही सकाळी सातला जाऊन बसलो. अकरा वाजता समजले की यंत्र बंद आहे. त्यातला हेलियम कमी झाला आहे आणि तो भरणारा माणूस कधी येईल ते सांगता येत नाही. हेलियम म्हणजे फुग्यात भरतात तो वायू, एवढीच माझी माहिती. आईची पाठ आणि जत्रेतला फुगा यांचा संबंध मला लागेना. शेवटी मे महिन्याच्या भर उन्हात तिला गाडीत आडवी करून ७५ किलोमीटरवरच्या नागपूरला नेले. वाटभर ती एक शब्द बोलली नाही. माझी आई गप्प बसते तेव्हा तिला फार दुखत असते.

औषधपाण्याने पुढे तिला आराम पडला, पण तो हेलियम काही माझ्या डोक्यातून जाईना. विचारपूस केली तेव्हा कळले की त्या यंत्राच्या पोटात नायोबियम आणि टायटॅनियम या दोन धातूंच्या मिश्रणाची कित्येक किलोमीटर लांबीची तार गुंडाळलेली असते. ती उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवली की तिच्यातून वीज कसल्याही अडथळ्यावाचून वाहते. एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो आणि त्याच्यामुळे जबरदस्त चुंबक तयार होतो. एवढी थंडी राखायला द्रवरूप हेलियम लागतो, आणि तो आपल्याकडे जवळजवळ सगळा परदेशातून येतो. विजेच्या या बिनअडथळ्याच्या वाहण्याला अतिसंवाहकता म्हणतात. हॉलंडमधल्या लायडन शहरी कामरलिंग ओनेस यांना ती १९११ साली पाऱ्यामध्ये प्रथम आढळली. शास्त्रज्ञ उणे २७३ अंशांना शून्य धरून पुढे मोजतात आणि त्या मापाला केल्विन म्हणतात. त्या मापाने पारा ४.२ केल्विनला अतिसंवाहक झाला. यापुढे मीही केल्विनच वापरीन.

वर्ध्याजवळ ७६५ किलोव्होल्टचे मोठे वीज उपकेंद्र आहे. असल्या दाबाच्या तारा खांद्यावर घेतलेले मनोरे तुरी-कपाशीच्या शेतांतून राक्षसासारखे चालत गेलेले दिसतात. पावसाळी हवेत त्यांच्याखाली उभे राहिले की एक गुणगुण ऐकू येते. त्या तारा तापतात, आणि वाटेतच काही वीज उष्णता होऊन आकाशात जाते. अतिसंवाहक तारेत ही गळती नसते. मग सगळीकडे तसल्याच तारा का नाहीत? कारण ती भयंकर थंडी. म्हणून गेली शंभर वर्षे माणसे थोड्या कमी थंडीत अतिसंवाहक होईल असा धातू शोधीत आहेत. आणि तो शोधताना त्यांना धातूंचे जे स्वभाव दिसले, ते मला माणसांच्या स्वभावाइतकेच नवलाचे वाटले.

माझा एक जुना विद्यार्थी भौतिकशास्त्रात संशोधन करतो. देवळीच्या बाजूला त्यांचे चार एकर शेत आहे. वडील गेले, आई आणि धाकटा भाऊ शेत पाहतात. गेल्या दिवाळीत तो गावी आला तेव्हा आम्ही संध्याकाळी त्यांच्या विहिरीच्या काठावर बसलो होतो. मी त्याला म्हटले, "अरे, तांबे, चांदी, सोने एवढी चांगली वीज नेतात, मग तेच का होत नाहीत अतिसंवाहक?"

"कितीही थंड करा, सर, ते होत नाहीत. आणि शिसे, कथील असले सामान्य धातू होतात. त्याहून गंमत सांगू? नायोबियम ९.२ केल्विनला अतिसंवाहक होतो, कथील ३.७ ला. दोघांचे संयुग केले की १८ ला. १९५४ साली सापडले ते."

"९ आणि ३ मिळून १८? हे कुठले गणित?"

"सोने अतिसंवाहक होत नाही. बिस्मथही होत नाही असे सगळे धरून चालले होते. पण सोने-बिस्मथ एकत्र आले की होतात, हे १९२९ सालीच लायडनला दिसले होते."

इथे एक खुलासा करायला हवा. दोन धातू नुसते एकमेकांत वितळवले तर बाजारच्या गर्दीसारखे होते, कोण कुठे उभा आहे याला धरबंध नसतो. पण काही धातू ठराविक प्रमाणात एकत्र आले की पंगत मांडल्यासारखी प्रत्येक अणूची जागा ठरते. तीन नायोबियमांमागे एक कथील, आणि त्यांनी कुठे बसायचे तेही पक्के. अशा पदार्थाला आंतरधातवीय संयुग म्हणतात. शब्द दातांत अडकणारा आहे खरा. पण पंगत लक्षात ठेवली म्हणजे पुरे.

विद्यार्थ्याने विहिरीत एक खडा टाकला. त्यांची विहीर जुनी, विटांनी बांधलेली आहे. खाली अरुंद, मध्येच एका उंचीवर दोन हात रुंदीचा टप्पा सोडलेला, आणि वर पुन्हा निमुळती. पावसाळा चांगला झाल्याने पाणी बरोबर त्या टप्प्यावर आले होते.

"ही विहीर म्हणजे धातू समजा, सर," तो म्हणाला. "पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन."

एकट्या अणूत इलेक्ट्रॉनांना उभे राहायला मोजक्या पायऱ्या असतात, हे मी शाळेतल्या मुलांच्या पुस्तकात वाचले होते. असंख्य अणू ओळीने बसले की त्या एकेका पायरीच्या जागी असंख्य बारीक पायऱ्या होतात, इतक्या जवळ की त्यांचा सलग पट्टा बनतो. शास्त्रज्ञ त्यांना ऊर्जापट्टे म्हणतात. या सगळ्या पट्ट्यांची मिळून एक विहीर होते. उंची म्हणजे ऊर्जा. ज्या उंचीवर विहीर रुंद, तिथे इलेक्ट्रॉनांना जागा पुष्कळ. अरुंद, तिथे थोडी. काही पदार्थांत विहीर एखाद्या उंचीवर पार मिटून जाते, आणि पाणी नेमके तिथवर येऊन थांबले तर तो पदार्थ काचेसारखा, वीज न नेणारा होतो. विहिरीचा आकार कुणी ठरवायचा? कोणते अणू आहेत, ते कसे बसलेत, एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, यांनी. इलेक्ट्रॉन तळापासून भरत येतात आणि जिथे संपतात तिथे पाण्याची पातळी येते. तिला एन्रिको फर्मी यांच्या नावाने फर्मी पातळी म्हणतात.

आता सगळी गोष्ट घडते ती त्या पातळीवरच. खालचे इलेक्ट्रॉन दाटीवाटीने बसलेले असतात. शेजारी रिकामी जागाच नाही, तर ते हलणार कुठे? पृष्ठभागावरच्यांनाच काय ती मोकळीक. त्यामुळे पाण्याच्या पातळीला विहीर किती रुंद आहे, हा एकच प्रश्न धातूचे निम्मे नशीब ठरवतो.

उरलेले निम्मे नशीब चाकोरीचे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदीतून एक बंडी गेली की तिच्या चाकोरीतून मागची बंडी आपोआप जाते. गाडीवानांनी बोलाचाली केलेली नसते. तसाच एक इलेक्ट्रॉन धातूतून जाताना आजूबाजूचे अणू किंचित आपल्याकडे ओढतो, आणि ते जागेवर परतण्याआधी त्या खोलगटात दुसरा ओढला जातो. एकमेकांना दूर ढकलणाऱ्या दोन इलेक्ट्रॉनांची अशी जोडी जमते. पुरेशी थंडी असली तर सगळ्या जोड्या एका तालात चालू लागतात आणि त्यांना अडवणे कुणालाच जमत नाही. बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनी १९५७ साली हे गणितात बसवले.

त्यांचे साधे सूत्र विद्यार्थ्याने मला कागदावर लिहून दिले. त्यात विहिरीची रुंदी आणि चाकोरीची खोली यांचा गुणाकार असतो, पण तो असा उलटा घातांकात जाऊन बसलेला आहे की थोड्या फरकाने आकाशपाताळ एक होते. घरी येऊन मी जुने लॉगटेबल काढले आणि करून पाहिले. तो गुणाकार ०.३ असेल आणि रुंदी निम्मी करून तो ०.१५ केला, तर अतिसंवाहक होण्याचे तापमान निम्मे होत नाही, सुमारे २८ पट खाली येते. १२ केल्विनचे अर्ध्याहून कमी! विहीर हातभर अरुंद झाली की सारे गेलेच. तांब्या-चांदीचे रहस्य मला तिथे उलगडले. त्यांची विहीर पातळीला अरुंद, आणि चाकोरी उथळ. ज्या गुळगुळीत पांदीमुळे बंड्या सुरळीत जातात, तिच्यात मागच्याला धरून ठेवणारी चाकोरी पडतच नाही.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बर्न्ड मथायस नावाचे मोठे हिकमती गृहस्थ होते. १९५०च्या दशकात त्यांनी शेकडो मिश्रणे वितळवून एक ठोकताळा बांधला: दर अणूमागे बाहेरचे इलेक्ट्रॉन किती ते मोजा, ते ५ च्या किंचित खाली किंवा ७ च्या किंचित खाली आले तर नशीब काढाल. सिद्धान्त मांडणाऱ्यांपासून लांब राहा, असाही त्यांचा सल्ला सांगतात. मला हे गृहस्थ आमच्याकडच्या पाणाड्यासारखे वाटतात. पाणाड्या नारळ हातावर ठेवून पाणी दाखवतो. खडक कसा आहे ते तो विचारत नाही. मथायस यांचे आकडे म्हणजे खरे तर पाणी कुठवर भरले आहे याचाच हिशेब होता. नायोबियम-कथिलाच्या पंगतीत नायोबियमचे अणू लांबच लांब रांगांनी, शुद्ध नायोबियमपेक्षाही जवळ जवळ बसतात, त्यामुळे विहिरीत अरुंद पण बाहेर आलेले टप्पे तयार होतात, आणि पाणी एका टप्प्यापाशी येते. हे उमगायला पुढे दहा-बारा वर्षे गेली. त्याच कुळातल्या नायोबियम-जर्मेनियमने १९७३ साली २३ केल्विन गाठले, आणि तिथे गाडी बरीच वर्षे अडली.

त्याच ठोकताळ्यांत एक पथ्य होते: चुंबकी धातूंपासून दूर राहा. लोखंड, कोबाल्ट, निकेल यांचा आणि अतिसंवाहकतेचा संबंध साप-मुंगसाचा. जोडीतले दोन इलेक्ट्रॉन एकमेकांच्या उलट दिशेने फिरकी घेतात, आणि चुंबक सगळ्यांना एकाच दिशेला तोंड करायला लावतो. जोडी टिकेल कशी? आता गंमत पाहा. निकेलच्या विहिरीत पातळीला जो टप्पा आहे तो फारच रुंद आहे, आणि त्या रुंदीनेच निकेल चुंबक होतो. म्हणजे अरुंद विहिरीत जोडी जमत नाही, आणि अति रुंद झाली की इलेक्ट्रॉन एका बाजूला तोंड करून कवायतीला उभे राहतात. ज्या गुणाने घर उभे राहते, तोच गुण वाढला की घर मोडते.

हे पथ्य मोडले ते मुंबईत, कुलाब्याच्या समुद्रकाठच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. १९८६-८७ साली तांब्याच्या ऑक्साइडांत अतिसंवाहकता थेट ९० केल्विनच्या पलीकडे गेली, तेव्हा जगातली बहुतेक मंडळी तिकडे धावली होती. कुलाब्याची ही माणसे मात्र धातूंचीच संयुगे पाहत बसली होती. इट्रियम, निकेल आणि बोरॉन यांच्या एका संयुगाच्या नमुन्यात त्यांना १२ केल्विनच्या सुमारास एक अंधुक खूण दिसली. ती सगळ्या नमुन्याची नव्हती, त्यातल्या अगदी थोड्या भागाची होती. असली खूण मळ म्हणून झटकून टाकता आली असती. त्यांनी तिचा माग काढला. १९९३ साली ती प्रसिद्ध केली, आणि मिश्रणात चिमूटभर कार्बन घालून पाहिला तेव्हा अंधुक खुणेच्या जागी भरघोस अतिसंवाहकता आली. हे जानेवारी १९९४ मध्ये छापले गेले. लेखकांची यादी मी मुद्दाम देतो: नागराजन, मजुमदार, हुसैन, धर, गोपालकृष्णन, गुप्ता, फ्रान्सचे गोदार, पवईच्या आय.आय.टी.चे पडालिया आणि विजयराघवन. दिवाळीला गावी निघालेल्या रेल्वेच्या डब्यातली आरक्षणाची यादी वाचावी तशी ही नावे मला वाटतात. त्याच महिन्यात बेल प्रयोगशाळेतल्या कावा यांच्या गटाने निकेलच्या जागी पॅलेडियम घालून २३ केल्विन गाठल्याचे जाहीर केले.

मग तो पदार्थ नेमका कसा बसला आहे ते कळले. एक इट्रियम, दोन निकेल, दोन बोरॉन, एक कार्बन. आणि बांधणी चिरोट्यासारखी पदरापदरांची, एक पदर इट्रियम-कार्बनचा, एक निकेल-बोरॉनचा. तांब्याच्या ऑक्साइडांतही असेच पदर असतात, तेव्हा हे त्यांचेच भाऊबंद असावेत असे वाटणे साहजिक होते. पण १९९४ सालीच पिकेट आणि सिंग यांनी, आणि वेगळे मथाइस यांनी (हे मथायस नव्हेत), ऊर्जापट्ट्यांचे गणित मांडले तेव्हा दिसले की रूप पदरांचे असले तरी इलेक्ट्रॉन पदरात अडकलेले नाहीत. तूप चिरोटाभर मुरावे तसे ते तिन्ही दिशांना फिरतात. दुसरी गोष्ट अशी की बोरॉन-कार्बनच्या सहवासात निकेलचा तो उंडारलेला टप्पा पसरून आटोक्यात आला आहे. चुंबक होण्याइतका तो रुंद राहिला नाही, आणि जोड्या जमवण्याइतका मात्र राहिला. पाण्याची पातळी नेमकी त्यावर येते. हलक्या बोरॉनची थरथर चाकोरीही खोल करते.

मी विचारले, "निकेलऐवजी त्याचा शेजारी कोबाल्ट घातला तर?"

"कोबाल्टजवळ एक इलेक्ट्रॉन कमी, सर. पाणी टप्प्याखाली उतरते. अतिसंवाहकता गेली. आणि इट्रियम काढून लँथॅनम घातला, तर तो अंगाने मोठा, सगळी पंगत ताणली जाते, विहिरीचा आकारच बदलतो आणि टप्पा पातळीवरून सरकतो. तिथेही नाही."

वाचकहो, मला सर्वांत आवडला तो होल्मियम. इट्रियमच्या जागी हा चुंबकी वृत्तीचा पाहुणा बसवला तर संयुग ८ केल्विनला अतिसंवाहक होते. आणखी थंड केले की ५ च्या आसपास होल्मियमचे चुंबक आपली रांग लावू लागतात, तेव्हा अतिसंवाहकता घुटमळते, जाते की काय असे होते. आणि रांग उलटसुलट तोंडांनी नीट लागली, चुंबकांनी एकमेकांना फिटवले, की पुन्हा परत येते. साप आणि मुंगूस एका बिळात राहतात. कादंबरीत मी असे लिहिले असते तर संपादकांनी कान पकडला असता.

त्याची आई चहा घेऊन आली होती. ती बराच वेळ ऐकत उभी होती. म्हणाली, "मंग बाबू, ह्याच्यानं लाईटचं बिल कमी होईन का?"

"नाही गं, आई," तो म्हणाला. ते खरेच होते. त्या संयुगाची तार रुग्णालयात पोचलेली नाही, एम.आर.आय.च्या पोटात अजून नायोबियम-टायटॅनियमच आहे, आणि हेलियमचा वांधाही तसाच आहे. प्रचंड दाबाखाली हायड्रोजनची काही संयुगे २०१५ नंतर २०० केल्विनच्याही वर गेली, पण तो दाब पृथ्वीच्या पोटातल्यासारखा. ते काही तारेचे काम नव्हे. मला माझ्या आईचा तो मे महिन्यातला गप्प चेहरा आठवला, आणि थोडा रागही आला. एवढे सगळे कळूनही? मी तसे बोललो. त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतले.

मग म्हणाला, "सर, मघाशी मी बिस्मथ होत नाही असे धरून चालले होते म्हणालो ना? त्याची विहीर पातळीला जवळजवळ मिटलेलीच. सुमारे लाख अणूंमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन. आपल्या हिशेबाने तो अतिसंवाहक व्हायलाच नको. त्याच कुलाब्याच्या संस्थेत रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथचे स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे एका अंशाच्या जवळजवळ दोन हजाराव्या भागापर्यंत, थंड केले. तो झाला. २०१७ साली छापून आले."

"मग तुझी ही विहीर?"

"तिथे ती पुरत नाही. चुळभर पाण्यात जोड्या कशा जमल्या याचे नेहमीचे गणित बसत नाही. आमच्यापैकी काही जण सध्या त्याच्याच मागे आहेत."

हे सांगताना त्याचा चेहरा शाळेत पहिल्या बाकावर बसायचा तसा झाला होता. तेवढ्यात शेतपंपाची लाईट आली. हरभऱ्याला पाणी द्यायचे होते आणि भाऊ बाजारातून परतला नव्हता, म्हणून तो उठला, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि मोटार सुरू करायला गेला. मी थोडा वेळ तिथेच बसलो. अंधारात पाणी टप्प्यावरून उतरताना दिसत नव्हते. नुसता ओल्या विटांचा वास येत होता.